चाळून झालेला पार्क

टण्ण!

परातीत काहीतरी पडलं आणि अनुपमाचा चाळणी हलवणारा हात जागीच थांबला. आधी तिनं बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. दहा महिन्यांचा रेयांश दातांच्या नावानं रात्रभर कुरकुरून आत्ता कुठे झोपला होता. तो उठला असता तर पहाटेचा हा चोरून मिळवलेला वेळही गेला असता. पण आत सामसूम होती. मग तिनं परातीत पाहिलं.

चुरमुऱ्यांच्या भुशात अंगठी. नवऱ्याची, कुशलची.

शनिवारी शारजात, अल मजाजच्या पार्कात रेयांशचं बोरन्हाण झालं होतं. पोराला काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट, आणि तो मुकुट चाटायला मिळत नाही म्हणून चेहऱ्यावर सगळ्या जगाचा राग. बोरांसाठी अनुपमानं तीन ग्रोसऱ्या पालथ्या घातल्या होत्या, आणि "बारा दिरहमला मूठभर बोरं! म्हणजे तीनशे रुपये झाले की!" असं म्हणत म्हणत ती घेतलीही होती. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, रेवड्या, चॉकलेटं सगळं मोठ्या पातेल्यात कालवायचं काम कुशलकडे होतं. ते त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारून, कोपरापर्यंत हात घालून, मोठ्या निष्ठेनं केलं. उरलेले चुरमुरे अनुपमानं पिशवीत बांधून आणले होते. आज सोमवार. डब्याला भडंग करावं म्हणून ती ते चाळायला बसली होती.

म्हणजे अंगठी पातेल्यातच गळली तर. गळणारच. साखरपुड्याला अनुपमाच्या वडिलांनी, विजयकुमार अण्णांनी, नाशिकच्या सोनाराकडून ती मुद्दाम एक माप सैल करून घेतली होती. "लग्नानंतर जावई सुटतात," हे अण्णांचं शास्त्र. त्यांचे साडू सुटले होते, ते स्वतः तर चांगलेच सुटले होते. कुशलनं मात्र सासऱ्यांचं शास्त्र खोटं पाडलं. सुटायचं सोडून तो वाळला, आणि वर दोन महिन्यांपासून सोळा तास उपाशी राहायचं नवं खूळ. त्या बोटावर अंगठी कसली टिकते, वाऱ्यानं उडाली नाही हेच नशीब.

अनुपमानं ती धुतली, पुसली, आणि त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायला निघाली. अगदी खरंच ठेवणार होती.

तेवढ्यात कुशल बाहेर आला, उजवा हात पायजम्याच्या खिशात. कप त्यानं डाव्या हातानं उचलला.

"खिशात काय उबवतोयस?" तिनं विचारलं.

"कुठे काय?" त्यानं हात बाहेर काढला आणि लगेच टेबलाखाली नेला. पण तिनं तेवढ्यात बघायचं ते बघून घेतलं होतं.

"अंगठी कुठंय?"

"ऑफिसात. ड्रॉवरमध्ये आहे. सॅनिटायझरनं डल होते गं, म्हणून शुक्रवारी काढून ठेवली."

शुक्रवारी! आणि शनिवारी चुरमुरे कालवायच्या आधीच्या एकेका फोटोत ती अंगठी त्याच्या बोटावर लखलखत होती. मुठीतली अंगठी तिनं गाउनच्या खिशात सोडली.

एरवी ती हसली असती आणि विषय तिथंच संपला असता. पण मागच्या वर्षी एक प्रकार झाला होता. कुशलची आधीची नोकरी गेली, आणि दोन महिने तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, "येतो गं" म्हणून निघायचा आणि त्याच पार्कात जाऊन पाण्याकडे तोंड करून बसायचा. अनुपमाला ते कळलं शेजारच्या शहरबानूभाभींकडून. तेही कसं, तर "डॉक्टरनं कुशलभाऊंना चालायला सांगितलंय का? रोज दिसतात पार्कात," या प्रश्नातून. ती भांडली नव्हती. फक्त म्हणाली होती, "तू तिथं एकट्यानं बसून माझ्या हातचा डबा खाल्लास, ते मला सोसत नाही." तेव्हा त्यानं शब्द दिला होता, पुन्हा काही लपवणार नाही. मग दुबईत अल क्वोजमधल्या एका वेअरहाऊसच्या ऑफिसात नोकरी लागली, सगळं सुरळीत झालं. त्या शब्दाची परीक्षा घ्यायची वेळ काही आली नव्हती.

ती आता आली होती, चुरमुऱ्यांतून.

बघू या, अनुपमानं ठरवलं. आपणहून सांगतो का. सांगितलं की त्याच क्षणी अंगठी त्याच्या हातावर.

आणि तिनं संधी काही कमी दिल्या नाहीत. "तुझ्या त्या ड्रॉवरला कुलूप आहे ना रे?" असं एकदा पोळी लाटता लाटता विचारलं. "आहे, आहे," म्हणत तो पोळीकडे असा बघत राहिला की जणू पहिल्यांदाच पोळी बघतोय. अण्णांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिनं मुद्दाम फोन त्याच्या हातात दिला.

"काय जावईबापू," अण्णांनी विचारलं, "अंगठी घट्ट होत असेल आता?"

"छे छे अण्णा," कुशल म्हणाला, "बोटात आहे हे कळतसुद्धा नाही."

अनुपमाला ओट्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं. खांदे हलत होते, पण नवऱ्याला वाटलं कांदा चिरतेय.

शुभ्रा, त्यांची थोरली, पहिलीतली, ती आणि बाबा यांची मात्र कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबुज सुरू झाली होती.

"काय गं, काय चाललंय तुमचं?"

"नथिंग, आई. इट्स अ सीक्रेट. बाबा सेड आय कान्ट टेल यू अबाउट द रिं..." आणि शुभ्रानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"अबाउट द काय?"

"अबाउट द... रिंगण," शुभ्रा बोटांच्या फटीतून म्हणाली. एरवी या पोरीच्या तोंडून मराठी शब्द निघत नाही. अडचणीत सापडली की बरोबर मातृभाषा आठवते.

शुक्रवारी संध्याकाळी कुशल एक लांबोडकी काठी घेऊन घरात शिरला. काठीच्या टोकाला तबकडी, मुठीपाशी छोटा स्क्रीन, आणि मागोमाग काठीचे मालक लियाकतभाई, शहरबानूभाभींचे नवरे. मूळचे रत्नागिरीचे, शारजात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, आणि सुट्टीच्या दिवशी हा छंद.

"हे काय?" अनुपमानं विचारलं.

"मेटल डिटेक्टर," कुशल म्हणाला. "हॉबी. म्हणजे शुभ्रासाठी. स्क्रीन टाइम कमी होईल."

"अरे वा. आणि कुठे खणणार?"

"पार्कात. सहज."

"वहिनी, मी ह्यांना सांगून दमलो," लियाकतभाई सोफ्यावर टेकत म्हणाले. "त्या पार्कात काय गावणार नाय. सहा वर्सं मी फिरतोय. माझ्या आधी एक लेबनीज फिरायचा, आता एक गोरा म्हातारा फिरतो, कानाला हे मोठे हेडफोन लावून. तो पार्क म्हणजे टकल्याचं डोकं झालंय, किती फणी फिरवाल? बीचवर चला म्हटलं. तर नाय, ह्यांना पार्कच पायजे."

"पार्कच का रे?" अनुपमानं गोड आवाजात विचारलं.

"जवळ पडतो," कुशल म्हणाला. काठीच्या टोकानं तो गालिच्यावर काहीतरी रेघोट्या ओढत होता. अनुपमा त्याच्यासमोरच उभी, आणि गाउनच्या खिशात अंगठी. तबकडी तिच्या पावलांकडे सरकू लागली तशी ती चटकन चहा टाकायला आत गेली.

शनिवारी सकाळी सगळी वरात पार्कात पोचली. जानेवारीचं ऊन कोवळं होतं. झाडाखाली, जिथं बोरन्हाण झालं होतं तिथंच, अनुपमानं सतरंजी अंथरली, रेयांशला मांडीवर घेतलं आणि डायपरची बॅग शेजारी ठेवली. अंगठी आता त्या बॅगेच्या चोरकप्प्यात होती. दारातला सिक्युरिटीवाला लियाकतभाईंच्या ओळखीचा. त्यानं डिटेक्टर पाहून मान डोलावली आणि एवढंच बजावलं, "सर, घास मत खोदना. ऊपर ऊपर देखो. रेती में जो करना है करो."

कुशल गवतावरून डिटेक्टर फिरवायला लागला. चेहरा असा की जणू सुरुंग शोधतोय. लियाकतभाई मागून सूचना देत होते, शुभ्रा पुढून.

"टींऽऽ!"

"बाबा! बाबा! ट्रेझर!"

बाटलीचं झाकण.

पुन्हा टींऽऽ. चॉकलेटची चांदी. पुन्हा टींऽऽ. आणखी एक झाकण. दूरवर तो गोरा म्हातारा हेडफोन घालून संथपणे चालला होता. त्यानं कुशलकडे बघून हात हलवला. त्यात स्वागत कमी आणि सांत्वन जास्त होतं.

मग एक वेगळा आवाज आला. कुशल गुडघ्यांवर कोसळलाच. गवताच्या मुळांत बोटं घालून त्यानं काहीतरी उपसलं, पुसलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"काय रे?" अनुपमानं सतरंजीवरून हाक दिली.

"एक रुपया."

"दिरहम?"

"रुपया! आपला!"

दहा पावलांवर आणखी एक रुपया निघाला. मग दोनाचं नाणं. मग झाडाच्या मुळाशी चक्क चार आणे. लियाकतभाई कपाळाला हात लावून उभे राहिले. "हा काय पार्क हाय की रत्नागिरीचा आठवडी बाजार? सहा वर्सं मी म्हणतोय, शारजाच्या जमिनीत इंडियाचा पैसा उगवतो कसा! गोऱ्यालापण गावतात. तो मला विचारतो, 'ओल्ड कॉइन? रोमन?'"

अनुपमाला हसू आवरेना. "अहो भाई, बोरन्हाण! इथल्या सगळ्या मराठी बायका याच झाडाखाली करतात. चुरमुऱ्यांत थोडी नाणी घालायची पद्धत असते. मुलं लुटतात, उरलेली गवतात जातात."

"मग दिरहम घालायचे ना! माझा तरी फायदा झाला असता."

"दिरहम कोण उधळणार? उधळायला रुपया, खर्चायला दिरहम."

कुशल मात्र हसला नाही. तो झाडाभोवती फेऱ्या घालत होता. फेरी लहान लहान होत सतरंजीपाशी आली आणि डायपरच्या बॅगेजवळ डिटेक्टर असा किंचाळला की रेयांश दचकून रडायला लागला.

"काय आहे बॅगेत?" कुशलनं विचारलं.

"वरणभाताचा डबा. वाटी. चमचा. झाकण वेगळं." अनुपमानं पोराला खांद्यावर घेतलं. "खणून बघतोस का? सोबत वापरलेला डायपर पण आहे, तेवढा सांभाळून."

"नको, नको." तबकडी मुकाट्यानं मागे फिरली.

ऊन चढलं. लियाकतभाई सिक्युरिटीवाल्याशी गप्पा मारायला गेले. शुभ्रा पलीकडच्या वाळूत, घसरगुंडीवर. कुशल शेवटी काठी गवतावर टाकून सतरंजीच्या कडेला बसला. गुडघ्यांवर हिरवे डाग, नखांत माती, नाकाचा शेंडा लाल. अनुपमानं पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं ती घेतली आणि उघडलीच नाही.

"अनु, अंगठी ड्रॉवरमध्ये नाहीये."

तिनं रेयांशच्या हनुवटीवरचा भात पुसला.

"हरवली. बोरन्हाणाच्या दिवशी, इथेच. घरी गेल्यावर कळलं. सोमवारी तू विचारलंस तेव्हा तोंडातून निघून गेलं की ड्रॉवरमध्ये आहे. मग रोज वाटायचं, आज मिळेल, मग सांगू. मिळाल्यावर सांगायला काय लागतं?" त्यानं हातातल्या बाटलीचं झाकण फिरवलं. "आणि शुभ्राला पण खोटं बोलायला शिकवलं मी. परवा ती मला विचारत होती, बाबा, आई रागावली तर ती पुन्हा आपल्याशी बोलेल ना. सहा वर्षांच्या पोरीनं असं... तू मागच्या वर्षी एकच गोष्ट मागितली होतीस माझ्याकडे. तेवढीही मला जमली नाही."

आठवडाभर अनुपमा या क्षणाची वाट बघत होती. त्यानं सांगितलं की कसा झटकन चोरकप्पा उघडायचा, कशी अंगठी नाचवायची, काय म्हणायचं, सगळं ठरलेलं होतं. "जावईबापू, हीच का ती?" असं म्हणायचं होतं. पण मनात ठरवलं तेव्हा तो असा दिसत नव्हता. नाक असं लाल नव्हतं. आता अंगठी काढायची म्हणजे सांगायचं, की सोमवारपासून माझ्याकडेच आहे. तू गवतावर गुडघे घासत होतास ते मी सतरंजीवर बसून, पोराला वरणभात भरवत, मजेनं बघत होते.

लपवल्याबद्दल तो माफी मागत होता, आणि लपवलेली वस्तू तिच्या बॅगेत होती.

"कुशल, ऐक ना," ती म्हणाली.

"नाही, आधी मला करू दे." त्यानं फोन काढला. "अण्णांना मीच सांगतो. आत्ताच. नंतर म्हटलं की माझं काय होतं ते बघितलंस ना."

"थांब!" अनुपमा एवढ्या जोरात ओरडली की गोऱ्या म्हाताऱ्यानंही हेडफोनमधून वर पाहिलं. "म्हणजे, अण्णा या वेळी पूजेला बसलेले असतात. आणि तू वाळूत कुठे बघितलंस? त्या दिवशी शुभ्राला घसरगुंडीवर चढवायला तूच गेला होतास ना तिकडे?"

कुशल विचारात पडला. "गेलो होतो का?"

"गेला होतास." हे मात्र खरं होतं. "जा, लियाकतभाईंना बोलवून आण. याला धर, नाहीतर याला घेऊनच जा. मी शुभ्राला पाणी देऊन येते."

रेयांशला कडेवर घेऊन तो सिक्युरिटीच्या खुर्चीकडे निघाला. अनुपमा बॅग खांद्याला लावून वाळूकडे गेली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घसरगुंडीच्या खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं केलं. उठली तेव्हा बॅगेचा चोरकप्पा रिकामा होता. वर पाहिलं तर घसरगुंडीच्या माथ्यावर शुभ्रा बसली होती, दोन्ही पाय पुढे सोडून, घसरायचं विसरून.

"पाणी हवंय, सोन्या?"

शुभ्रानं मान हलवली. नको.

पुढचं सगळं भराभर झालं. डिटेक्टर वाळूवरून दोनदा फिरला, तिसऱ्यांदा थबकला, आणि आवाज आला तो झाकणाचा नव्हता, रुपयाचाही नव्हता. जाड, ठाम. लियाकतभाईंच्या तोंडून नुसतं "खलास!" निघालं. कुशलनं ओंजळभर वाळू उचलली, बोटांतून सोडली, आणि शेवटी हातात उरली ती पिवळीधमक अंगठी.

मग त्यानं जो काय नाच केला! रेयांशला त्यानं अनुपमाकडून कडेवर घेतलं, तोही हिंदकळत हसायला लागला. गोरा म्हातारा हेडफोन काढून धावत आला, अंगठी उलटसुलट बघून म्हणाला, "इम्पॉसिबल," आणि कुशलचा हात हलवत राहिला. कुशल त्याला, सिक्युरिटीवाल्याला, बाकावरच्या दोन अनोळखी बायकांना, सगळ्यांना सांगत होता, "माय वाइफ टोल्ड मी! शी सेड, लूक इन द सँड!"

लियाकतभाई तेवढे वाळूकडे बघत उभे होते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "ह्या वाळूत काल मीच फिरलो होतो. मगरिबच्या नमाजाआधी. कोपरान् कोपरा."

"हो का?" अनुपमा म्हणाली.

"सोनं काय रात्री चालत येतं?"

"भाई, येताना तिळाच्या वड्या आणल्यात. भाभींसाठी पण बांधून देते. जास्त देते."

लियाकतभाईंनी तिच्याकडे बघितलं, कुशलच्या नाचाकडे बघितलं, आणि दाढीवरून हात फिरवला. "माशाल्ला. बरकत हाय पार्कात," ते मोठ्यानं म्हणाले.

अण्णांना फोन झालाच. पूजा करत असलेले अण्णा पहिल्याच घंटेला कसे काय उचलतात, हा प्रश्न कुशलला पडला नाही. त्यानं सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, ड्रॉवरच्या थापेसकट, पार्काच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणून सांगतो जावईबापू, जेवत जा." अंगठी आता मधल्या बोटात गेली. तिथं ती बरोबर बसली.

परत निघताना कुशल पुढे होता, एका कडेवर रेयांश, दुसऱ्या खांद्यावर डिटेक्टर, आणि लियाकतभाईंना अंगठी कशी सापडली ते पुन्हा पहिल्यापासून सांगणं चाललं होतं. मधूनच तो मागे वळून अनुपमाकडे बघायचा. असा बघायचा, की तिला वाटायचं आत्ता, या क्षणी, सांगून टाकावं. मग तो पुन्हा पुढे वळायचा आणि क्षण निघून जायचा. घरी गेल्यावर सांगू, तिनं मनाशी म्हटलं. रेयांश झोपला की. नाहीतर उद्या, तो चहा पीत असताना. आज एवढा खूश आहे, आज कशाला?

शुभ्रा तिचं बोट धरून चालली होती. बराच वेळ काही बोलली नव्हती, आणि ही पोर गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय हे अनुपमाला ठाऊक होतं.

"आई."

"काय गं?"

"बाबा टोल्ड यू द सीक्रेट. ही वॉज स्केअर्ड, बट ही टोल्ड यू."

"हो, राजा. छान केलं ना बाबांनी?"

शुभ्रानं मान डोलावली. चार पावलं चालली. बुटांतली वाळू काढायला थांबली, एक बूट उलटा केला, झटकला, पुन्हा घातला. मग वर बघून, अगदी साध्या आवाजात, होमवर्कची तारीख विचारावी तसं तिनं विचारलं,

"सो व्हेन आर यू टेलिंग हिम युअर्स?"